वातीची ओढ

आमच्याकडे नवरात्रात घटासमोर अखंड दिवा असतो. मी दहा-अकरा वर्षांचा असताना एका पहाटे घरातल्या कुजबुजीने मला जाग आली. दिवा मंदावला होता. समईत तेल बोटभर होतं, खिडकी लावलेली होती, वातही चांगली लांब होती, आणि तरी ज्योत हरभऱ्याच्या दाण्याएवढी होऊन बसली होती. आईने आणखी तेल घातलं. काही फरक पडला नाही. मग आजी उठली. तिने आधी त्याच ज्योतीवर एक निरांजन पेटवून बाजूला ठेवलं, म्हणजे अखंडपणा मोडायला नको. नंतर एका काडीने समईच्या चोचीत रुतून बसलेली वात हलकेच उचलली, टोकाची काजळी झाडली आणि वात पुन्हा सैलसर ठेवली. मिनिटाभरात ज्योत बोटाच्या पेराएवढी झाली. “गळा दाबला होता तिचा,” एवढंच म्हणून आजी झोपायला गेली.

पुढे कॉलेजात केशाकर्षणाचा, म्हणजे बारीक फटीत द्रव आपोआप वर चढण्याचा, धडा आला तेव्हा फळ्यावर काचेच्या नळ्या होत्या, सूत्र होतं, पण समई नव्हती. आजीचं वाक्य आणि ते सूत्र एकाच गोष्टीबद्दल बोलतात, हे मला फार उशिरा कळलं. दिवा मंदावला की आपण ज्योतीकडे बघतो, नाहीतर तेलाकडे. बघायला हवं ते या दोहोंच्या मधल्या दोन-तीन सेंटिमीटरांकडे. तिथे सगळा कारभार चालतो, आणि बिघडतो तोही तिथेच.

दिव्यात वात जळते असं आपण म्हणतो, पण जळते ती तेलाची वाफ. ज्योतीच्या उष्णतेने वातीच्या टोकाशी आलेलं तेल तापतं, त्याची वाफ होते, ती हवेत मिसळून पेटते. तेल येत राहिलं तर कापूस तसाच राहतो, कारण येणारं तेल त्याची उष्णता घेऊन जातं. तेल कमी पडलं की मात्र टोक कोरडं होतं, तापतं आणि काळं पडतं. मायकेल फॅरडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, पहिल्यांदा 1848 मध्ये आणि पुन्हा 1860-61 च्या नाताळात. त्यांत त्याने ताटलीत मिठाचा खांब उभा केला आणि तळाशी निळं रंगवलेलं मिठाचं संपृक्त पाणी ओतलं. निळाई खांबातून आपोआप वर चढत गेली. मेणबत्तीत मेण वर कसं जातं, ते पोरांना डोळ्यांनी दिसलं. मला वातीबद्दल एवढं साधं आणि एवढं पुरेसं प्रात्यक्षिक दुसरं माहीत नाही.

द्रव वर का चढतो? द्रवाच्या कणांना एकमेकांची ओढ असते, तिच्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर ताण येतो. आणि त्याच कणांना शेजारच्या भिंतीचीही ओढ असते. भिंतीची ओढ पुरेशी असेल तर द्रव भिंतीवर पसरतो, पृष्ठताण मागच्या द्रवाला सोबत खेचतो, आणि फट अरुंद असेल तर सगळा स्तंभच वर सरकतो. फट जितकी अरुंद तितका तो उंच चढतो, हे जेम्स ज्युरिनने 1718 मध्ये मांडलं. एक मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे तीन सेंटिमीटर चढतं, दशांश मिलिमीटरच्या नळीत तीस. आपल्या खाद्यतेलांचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही थोडा कमी, त्यामुळे तेल त्याच नळीत साधारण निम्मं चढतं.

कापसाचा तंतू एका मिलिमीटरच्या साठाव्या-सत्तराव्या भागाएवढा बारीक असतो. असे हजारो तंतू शेजारी शेजारी आले की त्यांच्यामध्ये तितक्याच बारीक फटींचं जाळं तयार होतं. ती फट मिलिमीटरच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढी धरली, तरी नुसत्या ओढीच्या जोरावर तेल फूटभर उंच जायला हवं. जातंही. पण किती वेळात, आणि पोचतं ते किती, हा प्रश्न ओढीच्या सूत्रात नाही.

शाळा-कॉलेजातला धडा ओढीपाशी थांबतो, आणि त्यामुळे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसतं की फट जितकी बारीक तितकी वात चांगली. मग वात जितकी पिळून घट्ट तितकी उत्तम. ते चूक आहे. द्रवाला वर जायला ओढ लागते तशी वाटही लागते. फट निम्मी केली तर ओढ दुप्पट होते, हे खरं. पण त्या फटीतून द्रव सरकताना होणारा विरोध चौपट वाढतो. दुप्पट ओढीला चौपट विरोध, म्हणजे हाती आलं निम्मंच. शिवाय पीळ दिल्याने एकूण मोकळी जागा आटते ती वेगळीच. पिळलेली वात तेल उंच नेऊ शकते, पण थेंब-थेंब नेते. ज्योतीला उंचीचं कौतुक नाही, तिला दर सेकंदाला किती मिळतं एवढंच कळतं.

कोरड्या तंतुजाळात द्रव किती वेगाने शिरतो याचा हिशेब 1918 मध्ये रिचर्ड लुकास आणि 1921 मध्ये एडवर्ड वॉशबर्न यांनी स्वतंत्रपणे मांडला. त्याचं सार असं की अंतर दुप्पट असेल तर वेळ चौपट लागतो. घरी बघायचं असेल तर थोडी हळद गोडेतेलात मिसळून ते फडक्यातून नीट गाळून घ्यावं. पिवळं तेल तयार होतं. पांढरी तेलवात ताटलीत आडवी ठेवून तिचं एक टोक त्यात बुडवावं. पहिला सेंटिमीटर पिवळा व्हायला जेवढा वेळ लागेल, त्याच्या चौपट वेळ दोन सेंटिमीटर व्हायला लागतो, नऊपट तीनला. दुसरी वात करकचून पीळ देऊन शेजारी ठेवली तर फरक तिथल्या तिथे दिसतो. मुलांना दाखवायला हा प्रयोग फार चांगला आहे.

आणि तिसरी गोष्ट द्रवाचा दाटपणा. नेहमीच्या तापमानाला खाद्यतेल पाण्याच्या पन्नास-साठपट दाट असतं. रॉकेल जेमतेम दुप्पट. एरंडेल मात्र हजारपटीच्या घरात जातं, म्हणून एरंडेलाचा दिवा सावकाश जळतो आणि तेल पुरतं. दाटपणा दुप्पट झाला की वातीतून येणारा पुरवठा निम्मा होतो. पण तेल तापलं की तो झपाट्याने उतरतो. साठ अंशांना खाद्यतेलाचा दाटपणा थंड तेलाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतो. पेटवल्या पेटवल्या दिवा कुरकुरतो आणि पाच मिनिटांनी स्थिरावतो त्यामागे हे आहे. ज्योत आपल्या उष्णतेने आपलीच वाट मोकळी करत असते.

हे कळल्यावर समईकडे पुन्हा पाहावं. दांडी हातभर उंच, पण तेल कुठे असतं? अगदी वर, ज्योतीच्या शेजारी, उथळ तबकडीत. दांडीत तेल भरून लांब वात सोडायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण तसं केलं असतं तर तेल टोकापर्यंत पुरेशा वेगाने पोचलंच नसतं. पणती, निरांजन, लामणदिवा, सगळ्यांची रचना हीच: तेलाची पातळी आणि ज्योत यांच्यात एखाद-दोन सेंटिमीटरचं अंतर. तेलाचा दाटपणा ओळखून केलेली ही रचना आहे, आणि ती शतकानुशतकं पितळेत आणि मातीत उतरत आली आहे.

युरोपात हाच अडथळा यंत्राने सोडवायचा प्रयत्न झाला. जिनिव्हाच्या एमे आर्गाँने 1780 मध्ये पोकळ नळीसारखी गोल वात केली, म्हणजे आतून-बाहेरून हवा मिळेल. पण वनस्पतितेल वर पोचवायला त्याला तेलाची टाकी ज्योतीच्या बाजूला उंचावर टांगावी लागे आणि टाकीची सावली पडे. 1800 मध्ये पॅरिसच्या कार्सेलने तळाच्या टाकीतून तेल चढवायला दिव्यात चक्क घड्याळाच्या किल्लीवर चालणारा पंप बसवला. पन्नासेक वर्षांत रॉकेल आलं आणि पंपाची गरज संपली. रॉकेल पातळ, म्हणून टाकी खाली, वात लांब, ज्योत वर. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांच्या घरी होता त्यांना ही रचना पाठ असेल: खाली टाकी, मध्ये पट्टीची वात, बाजूला ती वरखाली करायची किल्ली.

कंदिलाची वात कापणं हा आमच्याकडे माझ्या आजोबांचा प्रांत होता. कात्रीने वरची कड सरळ कापायची आणि दोन्ही कोपरे किंचित उतरवायचे, नाहीतर ज्योतीला दोन शिंगं फुटतात आणि काच काळी होते. पावसाळ्यात रॉकेलमध्ये पाणी शिरलं तर वात काढून उन्हात वाळवल्याशिवाय कंदील धड चालत नसे. याचं कारण मोठं मजेचं आहे. धुतलेल्या कापसाला रॉकेलपेक्षा पाण्याची ओढ जास्त. पाणी एकदा फटींत शिरलं की ते तिथेच मुक्काम करतं, रॉकेलला वाट देत नाही. वात भिजलेली दिसते, पण भलत्याच द्रवाने भिजलेली असते.

इथून कापसाकडे वळायला हवं. बोंडातून आलेल्या कापसाच्या प्रत्येक तंतूवर मेणाचा अगदी पातळ थर असतो. वजनाने जेमतेम एक टक्का, कधी त्याहून कमी, पण त्याचा परिणाम मोठा. असा कच्चा कापूस पाण्यावर टाकला तर बराच वेळ तरंगत राहतो. तेलात टाकला तर ताबडतोब भिजतो. परसातल्या देवकापसाची सरकी काढून, हाताने पिंजून, तशाच वाती वळायची आपली रीत तेलाच्या दिव्याला अगदी योग्य आहे. मेण तेलाचंच भावंड. याउलट औषधाच्या दुकानातला कापूस क्षारात उकळून मेण काढलेला असतो, म्हणून तो पाणी झटकन टिपतो. तो तेलही ओढतो, वातीला चालतो. पण उलटं चालत नाही: कुंडीला पाणी पुरवायला कच्च्या सुताची दोरी लावली तर ती कोरडीच राहते. तिला धुण्याच्या सोड्यात उकळून घ्यावं लागतं. नवा पंचा पहिल्या काही धुण्यांपर्यंत अंग नीट टिपत नाही, त्यातही खळीबरोबर या मेणाचा वाटा असतो.

गेल्या वीसेक वर्षांत वातीने एका अगदी वेगळ्या ठिकाणी शिरकाव केला आहे, आणि तिथे हे सगळे नियम फार कठोरपणे लागू होतात. ई-सिगारेट. हर्बर्ट गिल्बर्ट या अमेरिकनाने 1963 मध्ये धूर नसलेल्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, पण आजच्या उपकरणांची सुरुवात हॉन लिक या चिनी औषधतज्ज्ञापासून, 2003 पासून धरतात. आत तंबाखू नसतो. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांच्या मिश्रणात निकोटिन आणि वास-चव मिसळलेली असते. तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून कापसाची वात ओवलेली असते. बटण दाबलं की तार तापते, वातीतल्या द्रवाची वाफ होते. काही हौशी लोक तयार कॉइल न घेता तार स्वतः वळतात, कापूस स्वतः भरतात; अशा पुन्हा पुन्हा बांधता येणाऱ्या उपकरणांचा एक मोठा शौकीन वर्ग ब्रिटन-अमेरिकेत तयार झाला. भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. उत्पादन-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. निकोटिनची सवय सुटायला किती जड आहे हे सांगायला नको, आणि मला ही बंदी पटते. पण त्या हौशी मंडळींनी वातीबद्दल जे अनुभवाने शिकून घेतलं, ते वातीचा अभ्यासक म्हणून मला टाळता येत नाही.

तिथली अडचण बघा. मेणबत्ती तासाला पाच-सहा ग्रॅम मेण जाळते, म्हणजे सेकंदाला दीडेक मिलिग्रॅम, आणि ते संथपणे, तासन्‌तास. ई-सिगारेटची मोठी कॉइल त्याच्या काही पट द्रव मागते, तीन-चार सेकंदांत, आणि मग गप्प. मागणी एकदम उसळते. वातीने ती तेवढ्यापुरती भागवायची आणि पुढच्या झुरक्यापर्यंत पुन्हा भरून यायचं. त्यातून ग्लिसरीन हा द्रव कमालीचा दाट: वीस अंशांना पाण्याच्या चौदाशे पट. प्रॉपिलीन ग्लायकॉल त्या मानाने पातळ, म्हणून मिश्रणात ग्लिसरीन जितकं जास्त तितका वातीवर ताण जास्त, आणि थंडीत तर आणखीच.

वात नीट ओढत नसेल तर हे लोक सगळ्यात आधी बघतात कॉइलच्या आतला कापूस. माझ्या आजीनेही तेच पाहिलं होतं. कापूस ओवताना किंचित अडावा, पण तार वाकू नये, इतकाच भरायचा. जास्त ठासला तर वेटोळ्यातच वातीचा गळा दाबला जातो. बाहेरचं टोक ओलं आणि मधला भाग कोरडा, असं होतं. कमी भरला तर तार आणि कापूस यांच्यात पोकळी राहते, तार कापसाला टेकत नाही तिथे ती वेगळी तापते. म्हणून हौशी माणूस कापूस घालण्याआधी नुसती तार क्षणभर तापवून बघतो: ती मधोमधून सुरू होऊन सगळीकडे सारखी लाल व्हायला हवी, एखादा वेढा आधी लाल झाला तर तो सारखा करून घ्यायचा. मग कापसाच्या बाहेर आलेल्या दोन शेपट्या सुईने विंचरून थोड्या विरळ करायच्या. हीच सगळ्यात नाजूक गोष्ट. या शेपट्या द्रवाच्या वाटांवर टेकतात. जाड ठेवल्या तर त्या वाटेवर बूच बसल्यासारख्या बसतात आणि पुरवठा अडतो. फार विरळ केल्या तर द्रव गळायला लागतो. वात द्रव ओढते तशी अडवूनही धरते, हे समईत कधी लक्षात येत नाही, कारण तिथे तेल खालीच असतं. टाकी वर असली की वातीच्या फटींमधला पृष्ठताणच द्रवाला खाली सांडू देत नाही. एकाच तंतुजाळाने ओढायचंही आणि धरायचंही. दोन्हींचा तोल साधणारी जाडी अनुभवानेच सापडते.

त्यांचा कापूस धुतलेला, मेण काढलेला असावा लागतो, कारण ग्लिसरीन आणि ग्लायकॉल यांचं नातं पाण्याशी आहे, तेलाशी नाही. आमची देवकापसाची वात तिथे नापास होईल. सुरुवातीला सिलिकाच्या दोऱ्या वापरत. त्या जळत नाहीत, पण कापूस जास्त ओढतो म्हणून कापूस रूढ झाला. नवी वात भरली की पहिला झुरका घेण्याआधी तिला द्रवाने पूर्ण भिजवून थोडा वेळ थांबायचं, हाही त्यांचा नियम. वॉशबर्नच्या सूत्रातून तो सरळ निघतो. कोरड्या वातीत द्रव स्वतःहून शिरायला दाट मिश्रणात काही मिनिटं लागतात, आणि तार तर सेकंदात तापते.

गोड द्रवाने वात लवकर मरते. सुक्रालोजसारखी गोडी तापल्यावर वाफ होऊन जात नाही, ती तारेवर काळं कवच करून बसते आणि फटी बुजवते. समईत काजळी जे करते तेच. मग वात फेकायची, तार पाण्याने धुऊन पुन्हा तापवून साफ करायची, नवा कापूस भरायचा. पुन्हा पुन्हा बांधता येण्याचा खरा उपयोग इथे होतो.

आणि पुरवठा कमी पडला तर काय होतं? मागणी चालूच असते, वात कोरडी होते, तार कापसाला भाजते, द्रव जळतो. त्याला ही मंडळी ड्राय हिट म्हणतात: तोंडात जळका, घसा खरवडणारा झुरका. ग्लिसरीन जास्त तापून फुटलं की ॲक्रोलिन तयार होतं, फॉर्माल्डिहाइडही. 2015 च्या जानेवारीत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पोर्टलंडच्या संशोधकांचं एक पत्र छापून आलं, की जास्त व्होल्टेजवर या वाफेत फॉर्माल्डिहाइड बऱ्याच प्रमाणात बांधलेलं मिळतं. त्याच वर्षी ॲडिक्शन या नियतकालिकात दुसऱ्या गटाने दाखवलं की तसले पदार्थ मोठ्या प्रमाणावर तयार होतात ते वात कोरडी पडल्यावर, आणि तो झुरका इतका कडू लागतो की वापरणारा स्वतःच थांबतो. वाद पुढेही चालला. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की वादाचं मूळ शेवटी कापसाच्या एका तुकड्यात द्रव वेळेवर पोचतो की नाही, यात होतं.

ॲक्रोलिन आपल्या ओळखीचं आहे. समई विझल्यावर वातीतून निघणारा, नाकाला झोंबणारा धूर आठवा, किंवा कढईत तेल विसरून ते धुरावल्यावर डोळ्यांत येणारं पाणी. प्रत्येक वनस्पतितेलाच्या रेणूचा कणा ग्लिसरीनचा असतो. तेल जास्त तापून फुटलं की त्या कण्यातून ॲक्रोलिन निघतं. ई-सिगारेटमधलं ग्लिसरीन बऱ्याचदा वनस्पतितेलापासूनच काढलेलं असतं. विझत्या समईतली कोरडी वात आणि ड्राय हिट, दोन्हीकडे दुखणं तेच आणि वासही तोच.

वात आणखी कुठे कुठे आहे याची यादी लांबेल. एकच सांगतो. लॅपटॉपच्या आत तांब्याची चपटी नळी असते. ती प्रोसेसरची उष्णता पंख्यापर्यंत नेते. तिच्यात थोडं पाणी असतं आणि आतल्या भिंतीवर तांब्याच्या भुकटीची सच्छिद्र वात. गरम टोकाशी पाण्याची वाफ होते, थंड टोकाशी तिचं पाणी होतं, आणि वात ते पाणी पुन्हा गरम टोकाकडे ओढून आणते. जॉर्ज ग्रोव्हरने 1963 मध्ये लॉस अलामॉस इथे या नळीला आजचं रूप दिलं. तिच्या क्षमतेची एक मर्यादा अशी असते की उष्णता फार झाली तर वात पुरवठा करू शकत नाही आणि गरम टोक कोरडं पडतं. अभियंते त्याला केशाकर्षणाची मर्यादा म्हणतात. आमच्या घरी त्याला गळा दाबणं म्हणत.

आता समईकडे. मी स्वतः वाती वळायला लागलो तेव्हा माझी पहिली चूक पिळाची होती. छान, दोऱ्यासारख्या रेखीव तेलवाती केल्या, आणि त्या सगळ्या अर्ध्या ज्योतीने जळल्या. आता मी कापूस नीट पिंजून घेतो, तंतू शक्य तितके लांबीच्या दिशेने येतील असे ओढतो, आणि तळहातावर इतकाच पीळ देतो की वात सुटणार नाही. आडवे-तिडवे गुंतलेले तंतू वाट लांब करतात. बोटांना पकड मिळावी म्हणून दुधाचा हात लावतात, तो अगदी पुसटसा असावा. दूध जास्त झालं तर वाळल्यावर वात कडक होते आणि फटी बुजतात. समईत दोन वाती एकत्र लावायची, म्हणजे जोडवातीची रीत आहे. तिचं धर्मशास्त्रातलं कारण वेगळं सांगतात, पण दोन सैल वातींच्या मध्ये जी लांब सरळ खाच तयार होते ती तेलाला चांगली वाट देते, असा माझा अनुभव आहे.

बाजारातल्या तयार वातींमध्ये कधी कधी कृत्रिम धागा मिसळलेला असतो. एक वात कोरडीच पेटवून बघावी. कापूस जळून राख होते. पॉलिस्टर वितळून काळा टणक मणी उरतो. असा मणी ज्योतीच्या टोकाशी तयार झाला की पुढचं तेल तिथेच अडतं.

फुलवातीचं मला फार कौतुक आहे. तुपाचा दाटपणा आणि थंडीतलं गोठणं, दोन्हींवर तिने उपाय काढला आहे. तळ पसरट, म्हणजे तूप आत घ्यायला जागा मोठी. मान आखूड, म्हणजे अंतर कमी. आणि ज्योत तुपाच्या अगदी जवळ, म्हणजे तिच्या उष्णतेने आणि पितळेच्या निरांजनातून पसरणाऱ्या उबेने भोवतीचं तूप वितळत राहतं. फक्त पेटवण्याआधी ती पातळ केलेल्या कोमट तुपात पूर्ण भिजलेली हवी. गोठलेल्या तुपात कोरडी फुलवात रोवून पेटवली तर ती स्वतः जळून जाते, तूप तसंच राहतं. गोव्यात-कोकणात खोबरेल तेल लावणाऱ्यांना डिसेंबरातल्या पहाटे हाच अनुभव येतो, कारण खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजतं.

रात्रभर दिवा ठेवायचा असेल तेव्हा मी वात आधी तासभर तेलात बुडवून ठेवतो. समईच्या चोचीत कोरडी तर्जनी फिरवून साठलेलं जुनं चिकट तेल पुसून घेतो. हवेने आणि उष्णतेने घट्ट झालेलं हे तेल वातीत गेलं की पहिल्या दोन तासांतच फटी भरतात. चोच अरुंद असेल तर वातीचा तेवढाच भाग बोटांनी थोडा उसवून पातळ करतो. टोक चोचीच्या बाहेर अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त काढत नाही, कारण टोक जितकं मोठं तितकी मागणी मोठी, आणि तेल पहाटेपर्यंत खाली उतरत जाणार असतं. पातळी उतरली की अंतर वाढतं, अंतर वाढलं की पुरवठा घटतो. म्हणून झोपण्यापूर्वी काठोकाठ तेल, आणि जवळ एक बारीक काडी. गेल्या नवरात्रात ती काडी फक्त एकदा लागली, सहाव्या माळेच्या रात्री, साडेतीनच्या सुमारास.